बेचिराग : चिपळूणच्या माथ्यावरची निर्जन गावे

१/ वैशाखात कोकणातल्या बहुतेक नद्यांची वाळू उघडी पडते. डोहात थोडे पाणी, बाकी सगळा धोंड्यांचा पसारा. चिपळूणची वाशिष्ठी मात्र उन्हाळ्यातही वाहती असते, आणि तिचे पाणी मे महिन्यात भरपावसाळ्यातल्यासारखे गार लागते. हे पाणी कोकणचे नाही. ते सह्याद्रीच्या पलीकडच्या कोयनेचे आहे. ते डोंगराच्या पोटातून इकडे यावे म्हणून पलीकडच्या खोऱ्यातील शंभराच्या आसपास गावांना आपली जागा सोडावी लागली. त्यांतील कित्येक गावे पाण्याखाली गेली. जी पाण्याबाहेर राहिली, त्यांतील अनेकांवर आज रान उभे आहे. ही कथा त्या गावांची, आणि त्यांच्यासाठी आपल्या महसुली भाषेने शतकानुशतके सांभाळून ठेवलेल्या एका शब्दाची.

२/ तो शब्द म्हणजे ‘बेचिराग’. मूळ फारसी. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. मराठी जिभेवर त्याचे ‘बेचिराख’ झाले, आणि त्या ‘राख’ या अक्षरांमुळे जाळपोळीचा, विध्वंसाचा अर्थ त्याला येऊन चिकटला. आज ‘शहर बेचिराख झाले’ असे आपण लिहितो तेव्हा डोळ्यांसमोर राख येते, पण मूळ शब्दात आग कुठेच नाही. आहे तो केवळ अंधार. जमाबंदीच्या कागदांवर ‘मौजे अमुक, बेचिराग’ असा शेरा असे. त्याचा अर्थ एवढाच, की या गावाला शीव आहे, जमीन आहे, नाव आहे, माणूस नाही.

३/ विदर्भात अशा गावाला ‘रीठ’ म्हणतात, अन्यत्र ‘उजाड’ किंवा ‘ओसाड’. शासनाच्या दप्तरात निर्जन गाव हे आजही गावच असते. त्याचे स्वतंत्र नाव राहते, जमिनीचे गट राहतात आणि जनगणनेत त्याची वेगळी ओळ असते. फक्त लोकसंख्येच्या रकान्यात शून्य पडते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे ४३,६०० गावांपैकी सुमारे २,७०० गावे अशी निघाली. म्हणजे दर सोळा गावांमागे एक गाव बिनदिव्याचे. आकडा वाचून आश्चर्य वाटते खरे, परंतु या भूमीच्या इतिहासात निर्जन गाव ही अपवादाची गोष्ट कधीच नव्हती.

४/ जुन्या काळी गाव उठण्याची कारणे ठरलेली होती: दुष्काळ, लष्कराची वाट, पटकी, वाघरू, आणि न पेलणारा सारा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने बारा वर्षांचा मानला जातो. त्यानंतर घाटमाथ्यावरची गावे कित्येक दशके ओस राहिली. बहामनी दरबाराने १४२९ च्या सुमारास ती पुन्हा वसवण्यासाठी माणसे धाडली. ग्रँट डफने नोंदवलेल्या हकिकतीप्रमाणे नव्या रयतेला पहिल्या वर्षी सारा माफ होता, आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे एक तोबराभर धान्य एवढाच वसूल ठरला. घोड्याच्या तोंडाला बांधायच्या चाऱ्याच्या पिशवीने मोजलेला सारा! राज्य किती हतबल झाले होते, हे त्या मापावरून उमगते.

५/ गाव पुन्हा वसवण्याचे एक पूर्ण शास्त्रच मराठी राज्यव्यवस्थेत तयार झाले होते. परागंदा रयतेला अभय देणारा कागद म्हणजे ‘कौल’. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला पहिली काही वर्षे अल्प सारा आणि मग वर्षागणिक चढता सारा, या सवलतीचे नाव ‘इस्तावा’. दादोजी कोंडदेवांनी मावळात लांडगे मारणाऱ्यांना इनाम देऊन वस्ती केल्याचे बखरी सांगतात.

शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र तर याच दक्षिण कोकणातले आहे. त्यातील आज्ञा अशी: गावोगाव फिरून कुणबी गोळा करावे, ज्याच्यापाशी माणूसबळ आहे पण बैल नाही, पोटाला दाणा नाही, त्याला बैलांसाठी पैका आणि खाण्यासाठी धान्य द्यावे, आणि ते त्याच्या ऐपतीप्रमाणे सावकाश, वाढीदिढी न घेता परत घ्यावे. या पत्राची नेहमी स्तुती होते. त्यामागचा हिशेबही तितकाच लक्षात घेण्याजोगा आहे. जमीन मुबलक होती, माणूस दुर्मीळ होता. ज्या राज्याला सारा हवा, त्याला आधी दिवा लावणारा हात हवा होता.

६/ म्हणून त्या काळी बेचिराग ही गावाची अवस्था होती, शेवट नव्हे. आजारातून माणूस उठावा तसे गाव उठे. पांढरीवर, म्हणजे गावठाणावर, घरे पुन्हा उभी राहत, काळीत नांगर फिरे, ग्रामदेवतेला शेंदूर लागे. वीस वर्षांनी असो वा साठ, कोणी तरी परत येई. कोयनेच्या खोऱ्यात जे घडले त्याचे वेगळेपण समजायला हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

७/ आता भूगोल. कोयना महाबळेश्वरी उगम पावते, पण तिच्या भगिनींप्रमाणे लगेच पूर्वेकडे वळत नाही. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला बिलगून ती सुमारे ६५ किलोमीटर थेट दक्षिणेला वाहते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेस वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. त्या दक्षिणवाहिनी टप्प्यात तिच्या पश्चिमेला एकच भिंत आहे, सह्याद्रीचा कडा. कड्याच्या त्या बाजूला खेड आणि चिपळूण तालुके. वर वर्षाला पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस, खाली शेकडो मीटरचा थेट उतार. अभियंत्याच्या नजरेला यात काय दिसेल हे सांगायला नको.

८/ मात्र अभियंत्यांच्या आधी शतकानुशतके या भिंतीत वाटा होत्या. चिपळूणजवळचे गोवळकोट हे वाशिष्ठीच्या खाडीवरचे बंदर. तिथे गलबतांतून उतरलेले मीठ, सुकी मासळी, नारळ बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाटाने देशावर चढे, आणि तिकडून धान्य, गूळ, मिरची खाली उतरे. एकोणिसाव्या शतकात घाटात गाडीरस्ता झाल्यावर हा व्यापार आणखी वाढला. मुख्य घाटाखेरीज माणसांच्या आणि गुरांच्या कितीतरी पाऊलवाटा होत्या. घाटावरच्या माणसाला मीठ कोकणचे लागे, आणि महाशिवरात्रीला कोकणातला भाविक चोरवण्याहून कडा चढून वर नागेश्वराच्या गुहेत जाई. ती यात्रा अजूनही चालते. आजच्या नकाशावर दोन जिल्ह्यांची जी सीमा दिसते, ती त्या माणसांच्या रोजच्या व्यवहारात नव्हती.

९/ या वाटांवर नजर ठेवायला किल्ले होते: वासोटा, जंगली जयगड, भैरवगड. त्यांतला वासोटा सर्वांत प्रसिद्ध. शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये तो घेतला आणि त्याचे नाव व्याघ्रगड ठेवले. एवढ्या दाट रानात असल्याने त्याचा उपयोग मुख्यतः तुरुंग म्हणूनच झाला. १८०६-०७ मध्ये पंतप्रतिनिधींच्या पक्षाने लढणाऱ्या ताई तेलिणीने तो बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने झुंजवला. १८१८ च्या एप्रिलात इंग्रजांनी तो घेतला तेव्हा तेथे साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची माणसे आणि हंटर व मॉरिसन हे दोन कैदी इंग्रज अधिकारी सापडले.

१०/ वासोट्याच्या पायथ्याचे गाव म्हणजे मेट इंदवली. या नावातच त्याचा जन्म आहे. ‘मेट’ म्हणजे किल्ल्याच्या घेऱ्यातली चौकी. गडावर तोफा आणि शिबंदी असे. पण वाटेवर येणारा-जाणारा प्रथम हेरायचा तो मेटावरच्या माणसाने. मेटकऱ्यांना त्या चाकरीपोटी जमीन असे, आणि चौकीभोवती हळूहळू वस्ती होई. १८१८ नंतर गडाला काम उरले नाही. मेट मात्र राहिले. रक्षण करायचे ते गेले आणि पहारेकरी शेतकरी झाला. नाचणी, वरी, खाचरातले भात, चार गुरे, हिरडा, मध. पुढच्या काळात त्यात मुंबईची भर पडली. जावळी, पाटण, खेड, चिपळूण, महाड या सगळ्या पट्ट्यातील घरटी एक माणूस गिरणगावात साच्यावर उभा राही आणि पोस्टाने मनिऑर्डर येई.

११/ मुंबईच्या त्याच गिरण्यांना आणि कारखान्यांना वीज हवी होती. कोयनेचे पाणी अडवून ते पश्चिमेला कड्यावरून खाली सोडण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टाटांच्या अभियंत्यांनी मांडली होती. मंदीच्या लाटेत ती बारगळली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने ती हाती घेतली, आणि १९५४ साली काम सुरू झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य जन्मले तेव्हा हे धरण अर्धवट बांधून झाले होते, आणि नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे कोयनाकाठच्याच कऱ्हाडचे. कोयनेला ‘महाराष्ट्राची जीवनरेखा’ म्हणण्यात म्हणूनच विजेच्या हिशेबापेक्षा अधिक काही होते. नवे राज्य तिच्याकडे आपल्या भवितव्याची खूण म्हणून पाहत होते.

१२/ धरणाची उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरहून थोडी अधिक. मागे साठलेल्या जलाशयाचे नाव शिवसागर. त्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर आणि आजची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी. इथवरची माहिती शाळेच्या पुस्तकातही असते. पुस्तकात सहसा नसते ती बाब अशी, की अरुंद डोंगरी खोऱ्यात पाणी अडवले की प्रथम बुडते ती नदीकाठची मळई, म्हणजे खोऱ्यातली सर्वांत सुपीक पट्टी. वरकस उतार शिल्लक राहतो. गावाचे पोट ज्या खाचरांवर चाले, नेमकी तीच जातात.

१३/ विस्थापितांसाठी त्या वेळी कोणता कायदा होता? पुनर्वसनाचा कोणताच नव्हता. होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा, आणि त्यात सरकारचे कर्तव्य एकच: मोबदला देणे. ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याला पैसे. कुळाला, बलुत्याला, दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याला त्या हिशेबात जागा नव्हती. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला तो १९७६ साली, म्हणजे कोयनेची गावे उठल्यावर जवळजवळ दीड दशकाने. ज्यांच्या अनुभवातून या कायद्याची गरज सिद्ध झाली, त्यांच्या वाट्याला तो आला नाही.

१४/ गावे पांगली. काही कुटुंबे सोलापूर, सांगलीच्या कोरड्या मुलखात गेली, काही कोकणपट्टीत रायगड, ठाण्याकडे, काही सातारा जिल्ह्यातच अन्यत्र. पाच हजार मिलिमीटर पावसात चिखलणी करून भात लावणारा शेतकरी पाच-सहाशे मिलिमीटरच्या ज्वारीच्या काळ्या रानात उभा राहिला, तेव्हा त्याचे सगळे शेतीज्ञान एका दिवसात निरुपयोगी झाले. इरले घेऊन वावरणाऱ्या माणसाला आता ढगाची वाट पाहायला शिकायचे होते. एकेका गावाचे तीन-चार ठिकाणी तुकडे झाले. भावकी विभागली, पालखीचा मान कोणाकडे हा प्रश्न उरला, आणि देवाची मूर्ती कोणत्या तुकड्याने न्यायची हाही.

१५/ दुसरे पुष्कळ लोक कुठेच गेले नाहीत. पाणी जसे चढले तसे तेही डोंगराच्या उतारावर वर सरकले. सरकारी कागदावर त्यांचे गाव उठले होते. प्रत्यक्षात ते शंभर-दोनशे मीटर उंचीवर नवी जोती घालून बसले होते. रस्ता पाण्याखाली गेला, म्हणून दवाखान्याला, बाजाराला, शाळेला होडी. कांदाटी खोऱ्यातील आणि तापोळा-बामणोली भागातील माणसांचे आयुष्य पुढे कित्येक वर्षे लाँचच्या वेळापत्रकावर चालले. समोरचे गाव हाकेच्या अंतरावर, पण मध्ये शिवसागर.

१६/ ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी खोऱ्याखालची जमीन हलली. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, धक्के चिपळूणपासून मुंबईपर्यंत जाणवले. जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळू शकते, या विषयावर जगात कुठेही लिहिले गेले की कोयनेचे नाव निघतेच. धरण टिकले, पुढे मजबूत केले गेले. डोंगरावर वर सरकलेल्या वाड्यांना मात्र आता पायाखालच्या जमिनीचाही भरवसा राहिला नाही.

१७/ तिसरा धक्का कागदावरून आला. १९८५ मध्ये शिवसागराच्या दोन्ही अंगांचे सुमारे ४२३ चौरस किलोमीटर रान कोयना अभयारण्य म्हणून घोषित झाले. दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोलीचे अभयारण्यही त्याच वर्षीचे. २००४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाच्या ज्या ३९ स्थळांचा समावेश झाला, त्यांत ही दोन्ही आली.

निर्णयांची ही साखळी वन्यजीवांच्या दृष्टीने योग्यच होती. पण ती गावकऱ्याच्या अंगणातून पाहिली तर कशी दिसते? वडिलांना धरणासाठी खालून वर यावे लागले. मुलाला वाघासाठी वरून खाली जायचे आहे. एका पिढीला विकासाने उठवले, दुसरीला संवर्धनाने. दोन्ही वेळा उठणारे घर तेच.

१८/ मेट इंदवली आज रिकामे आहे. चांदोलीतील झोळंबी, रुंदिव, निवळे, गोठणे ही नावेही आता वनरक्षकांच्या आणि भटक्यांच्या तोंडीच अधिक असतात. गाव गेल्यावर रान कसे परत येते याचा क्रम ठरलेला असतो. आधी छप्पर जाते, कारण कौले आणि वासे माणसे सोबत नेतात. मग पावसाच्या माऱ्याने मातीच्या भिंती दोन-तीन पावसाळ्यांत बसतात. दगडी जोती उरतात, जात्याची तळी उरते, उखळ उरते. खाचरांचे बांध उरतात, आणि त्यांवर गवत माजते. आंबा, फणस ही लावलेली झाडे रानातल्या झाडांच्या गर्दीतही वेगळी ओळखू येतात, कारण ती ओळीत असतात.

१९/ जुन्या शेतांची ही गवताळ पट्टी म्हणजे गवे आणि सांबर यांचे उत्तम चराऊ रान. तृणभक्षी वाढले की मागोमाग बिबट्या, रानकुत्री आणि क्वचित पट्टेरी वाघ येतो. आपण ज्याला अस्पर्श अरण्य म्हणून कौतुकाने पाहतो, त्याच्या कित्येक मोकळ्या जागा कुणा कुणब्याने, धनगराने पिढ्यान् पिढ्या खपून तयार केलेल्या आहेत. गव्याच्या खुराखाली नाचणीचे शेत असते. वनखात्यालाही ते ठाऊक असते, म्हणून तर जुन्या गावठाणांची कुरणे राखली जातात.

२०/ आता पुन्हा कड्याच्या खाली, चिपळूण तालुक्यात. शिवसागराचे पाणी नवजा गावाजवळ बोगद्यात शिरते आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहात जनित्रे फिरवते. तेथून ते कोळकेवाडीच्या जलाशयात साठते, अलोरे येथे पुन्हा एकदा वीज देते आणि मग वाशिष्ठीला मिळते. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला बोगद्यातून भोक पाडण्यात आले. ‘लेक टॅपिंग’ हा शब्द तेव्हा मराठी वृत्तपत्रांत घराघरात पोहोचला. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉटच्या घरात. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. एवढे पाणी, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर, दरवर्षी चिपळूणवरून समुद्राकडे जाते.

२१/ वाशिष्ठी बारमाही झाली ती अशी. खेर्डी, खडपोली, लोटे-परशुराम येथील औद्योगिक वसाहती, अनेक नळपाणी योजना आणि काठची शेती या पाण्यावर उभी आहे. हे पाणी आणखी पुढे नेण्याच्या योजनाही वेळोवेळी चर्चेत येतात, अगदी मुंबईपर्यंत. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली तेव्हा अतिवृष्टी, भरतीची वेळ आणि नदीत साठलेला गाळ यांबरोबर कोळकेवाडीतून येणाऱ्या पाण्यावरही शहरात मोठा वाद झाला. चिपळूणकराला कोयनेचे पाणी आठवते ते बहुधा अशा वेळी. त्या पाण्याखालची गावे त्या वादात कुणाच्या बोलण्यात नसतात, आणि पुराचा चिखल काढणाऱ्या माणसाकडून तशी अपेक्षाही रास्त नाही.

२२/ तालुक्याच्या आतही बेचिराग होण्याची गोष्ट घडली. २ जुलै २०१९ च्या रात्री वाशिष्ठीच्या वरच्या खोऱ्यातील तिवरे येथील छोटे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरण खेकड्यांनी पोखरले, असे एका मंत्र्याचे विधान त्या दिवसांत खूप गाजले. वाचलेल्यांसाठी घरे बांधली गेली ती अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या जागेवर. एका धरणाने उठवलेली माणसे दुसऱ्या धरणाच्या वसाहतीत गेली. या तालुक्यात पाण्यापासून दूर जायचे तरी कुठे, हा प्रश्नच आहे.

२३/ आणखी एक प्रकार आहे आणि तो सर्वांत निःशब्द आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, रत्नागिरी जिल्ह्याची मात्र घटली: १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. येथे धरण नाही, भूकंप नाही, अभयारण्यही नाही. दाराला कुलूप आणि किल्ली मुंबईत. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हा आकडा काही प्रगतीचे लक्षण म्हणून मिरवावा असा नाही. पुरुष कामाला बाहेर आहेत एवढेच तो सांगतो.

शिवाय त्या वर्षीची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. शिमगा होता मार्चच्या उत्तरार्धात. प्रगणक कुलूप पाहून गेला आणि तीन आठवड्यांनी त्याच अंगणात पालखी नाचली. अशा वाडीला वसती म्हणावे की निर्जन, याचे उत्तर कोणत्या महिन्यात विचारता यावर ठरते.

२४/ कोयनेच्या माणसांना तो शिमग्याचा पर्याय नाही. त्यांच्या प्रश्नांसाठी आंदोलने आजही होतात. २०१८ साली श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला प्रकल्पग्रस्तांनी कित्येक दिवस ठिय्या दिला. त्यात बसलेल्यांपैकी पुष्कळ जण गावे उठल्यानंतर जन्मलेले होते. मागणी जमिनीची, दाखल्यांची, नागरी सुविधांची. जुन्या गावी परत जाऊ द्या, ही मागणी त्यात नव्हती. ती आता कोणी करतही नाही. कौल देणारा सुभेदार राहिला नाही, एवढेच याचे कारण नव्हे. पूर्वी राज्याला पडीक जमिनीवर माणूस हवा होता. आता त्याच जमिनीवर माणूस नसणे, हेच राज्याच्या दृष्टीने तिचे मोल आहे: खाली पाण्यासाठी, वर वाघासाठी. बेचिराग हा शेरा पूर्वी वसुलीतली तूट दाखवी. इथे तो नियोजनाचा भाग झाला.

२५/ उन्हाळ्यात शिवसागराची पातळी उतरते तेव्हा काठावर जुन्या वस्त्यांच्या खुणा दिसू लागतात: जोत्यांचे दगड, एखाद्या देवळाचा चौथरा, पाण्यात शिरणारी जुनी वाट. जंगली जयगडाच्या टोकावरून पाहिले तर एका बाजूला हा जलाशय आणि दुसऱ्या बाजूला खोल खाली कोळकेवाडीचे पाणी, असे दोन्ही दिसतात. मधली डोंगराची भिंत तेवढी शाबूत आहे. तिच्यावरून चालणाऱ्या माणसांच्या बहुतेक वाटा मात्र कारवीत हरवल्या.

२६/ वासोट्याला जाणारे हौशी भटके बामणोलीहून लाँचने निघतात आणि मेट इंदवलीच्या काठावर उतरतात. वनखात्याच्या चौकीत नोंद होते, प्रत्येकाची प्लास्टिकची वस्तू मोजून घेतली जाते, आणि मग गडाकडची चढण सुरू होते. जेथे शिवकाळात येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायला मेटकरी बसे, साधारण तेथेच आज नोंदवही घेऊन वनरक्षक बसतो. गडावर मुक्कामाला बंदी आहे. दिवस मावळण्यापूर्वी सर्वांनी खाली येऊन लाँचमध्ये बसायचे असते. शेवटची लाँच सुटली की काठावर कोणी राहत नाही, आणि पोफळीला जनित्रे फिरत असतात.